पट्टीचं टोक

१

खुनाचा उत्सव आठवड्यावर आला होता आणि टॅम्सिनचा नवरा गावभर मरून पडला होता.

खरा कॅलम उत्तर समुद्रात होता, पवनचक्क्यांच्या दुरुस्तीच्या बोटीवर. फोनवर सांगायचा त्यावरून तिथे त्याला गरम जेवण आणि सलग झोप मिळत होती. गावात पडली होती ती त्याची नुसती कड, पोलीस प्रेताभोवती आखतात तशी. निघण्याआधी तिने त्याला स्वयंपाकघरात वॉलपेपरच्या उलट्या बाजूवर आडवं केलं, एक हात डोक्याशी, एक गुडघा मुडपलेला, आणि भोवतीने पेन्सिल फिरवली. गुदगुल्या होतात म्हणून तो हसत सुटला, त्यामुळे डावी बरगडी जरा वाकडी आली. मग तो आकार तिने कापून घेतला. आता रोज सकाळी लेकीला, हेटीला, बाबागाडीत बसवायचं, पट्टे आवळायचे, खालच्या जाळीत कागदी नवरा आणि पांढऱ्या चिकटपट्टीची रिळं कोंबायची, आणि लिंकन गावाच्या त्या उभ्या चढणीवर गाडी ढकलत न्यायची. त्या चढणीवर धडधाकट माणूससुद्धा मध्येच थांबून दुकानांच्या काचा बघण्याचं नाटक करतो. उत्सवाच्या समितीने नेमून दिलेल्या जागी कॅलमला दगडावर अंथरायचं, कडेने पट्टी चिकटवायची, कागद गुंडाळायचा, पुढे निघायचं. पुस्तकाच्या दुकानापुढे कॅलम. चहाघराच्या उंबऱ्याशी कॅलम. कॅथीड्रलच्या कमानीखाली कॅलम, त्याच्या छातीवर एक कबूतर.

रहस्यकथांच्या त्या उत्सवाचं नाव होतं ‘चढणीवरचा खून’. या नावासाठी समितीने कितीतरी बैठका घेतल्या होत्या आणि प्रत्येक बैठकीत गाजराचा केक होता. न्हाणीघरातला कोळी बाहेर टाकायला शेजाऱ्याला हाक मारणारी ही माणसं स्कोनवर जॅम लावता लावता गळा डावीकडून चिरावा की उजवीकडून यावर तावातावाने बोलायची. वरच्या किल्ल्यात फाशी व्हायची तेव्हा याच गावातले लोक खाऊ बांधून बघायला यायचे. टॅम्सिन विद्यापीठात इतिहास शिकलेली होती, तिला हे माहीत होतं. खाऊ अजून तोच होता, फक्त फाशीच्या जागी लेखक आले होते.

आणि तरी ती हे काम फुकट करत होती. का, तेही तिला माहीत होतं. बाळ बघायला घरी येणाऱ्या नर्सबाईंनी मागच्या खेपेला चहाचा कप खाली ठेवून, मान जरा कलती करून विचारलं होतं, “आणि आईचं कसं चाललंय?” टॅम्सिनने त्यावर विनोद केला होता. नर्सबाई हसल्या नव्हत्या. तेव्हापासून आपण धड आहोत हे चारचौघांत दिसावं असं तिला वाटू लागलं होतं. शिवाय हेटी वर्षाची व्हायला आली होती आणि अजून एक शब्द बोलत नव्हती. शेजारचा ऑटिस बदकाला बदक म्हणायचा, बसला बस म्हणायचा, आणि त्याची आई ते ऐकवायला त्याला मुद्दाम खिडकीशी आणायची. हेटी नुसती बघायची. सगळ्यांकडे, नीट, एखाद्या कंटाळलेल्या न्यायाधीशासारखी.

२

सोमवारी ती चढणीच्या पायथ्याशी असलेला टॅनर्स हॉल उघडायला गेली. चामडं कमावणाऱ्यांचं ते जुनं सभागृह. उत्सवाची मोठी भाषणं तिथेच व्हायची होती. आत कायम ओल्या लोकरीचा आणि लाकडाच्या पॉलिशचा वास. खाली दगडी फरशी, इतकी गुळगुळीत की गाडीची चाकं आवाज न करता फिरायची. खालून थंडी मात्र बुटांतून वर यायची.

व्यासपीठासमोर तिने कॅलमला अंथरायचं ठरवलं होतं. तिथे आधीच एक आकार होता.

लहान. तिच्या गुडघ्याहून फार उंच भरला नसता. एक हात डोक्याशी, एक गुडघा मुडपलेला. पट्टी तिच्याकडची होती तशीच, पांढरी, तेवढ्याच रुंदीची. काम तिच्याहून सुबक होतं, हे मात्र तिला लागलं. तिची पट्टी वळणावर चुरगळायची. ही कुठेच चुरगळलेली नव्हती.

समितीतल्याच कुणाला तरी हे सुचलं असणार. मुलांसाठी म्हणून एक छोटंसं प्रेत, किती गंमत. त्या लोकांच्या डोक्यात काहीही येऊ शकत होतं. टॅम्सिनने गाडीचा ब्रेक लावला, गुडघ्यांवर बसली आणि पट्टी काढायला टोक शोधू लागली. पट्टीला टोक असतंच. सुरुवात केली असेल तिथे, किंवा संपवली असेल तिथे. तिने नख फिरवत फिरवत डोक्यापासून पायापर्यंत आणि पायापासून परत डोक्यापर्यंत चाचपलं. टोक सापडेना.

“अय्या, हे किती गोड!”

दारात फिलिपा पिकवर्थ उभी होती. उत्सवाची अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापिका, गळ्यात रेशमी रुमाल, त्यावर छोट्या छोट्या सुऱ्यांची नक्षी. फिलिपा कुणाला रागावत नसे. ती फक्त माणसाचं कौतुक करणं थांबवायची आणि माणूस आपोआप वाळत जायचा. वर्षभर टॅम्सिनचं कौतुक कुणी केलेलं नव्हतं. हेटीचं व्हायचं, तिच्या डोळ्यांचं, तिच्या टोपीचं. गाडी ढकलणारी बाई कुणाला दिसत नव्हती.

फिलिपा आकाराभोवती सावकाश फिरली. समितीत असं कल्पक माणूस हवंच होतं, पुढच्या वर्षी तुला आपण रीतसर घेऊ, असं बरंच काही म्हणाली, आणि मग थांबली. “तुझंच ना हे?”

बोलायला अवघड काहीच नव्हतं. नाही, मला वाटलं तुमचं आहे, एवढं म्हटलं की झालं. पण मग फिलिपाच्या चेहऱ्यावरचं ते हसू विझलं असतं, आणि कुणाचं मग, अशी चौकशी, आणि गाजराचा केक.

“अं... माझंच,” टॅम्सिन म्हणाली.

गाडीत हेटीने एक हात वर केला आणि तसाच धरून ठेवला.

३

मंगळवारी तो आकार चढणीच्या मध्यावर होता, चहाघराशी. कॅलमच्या वाकलेल्या हाताच्या कुशीत, नीट बसवलेला. बाप-लेक झोपल्यासारखे.

हॉलमधला जागच्या जागी होता, हे तिने परत खाली उतरून बघितलं. म्हणजे हा दुसरा. म्हणजे कुणीतरी मागे लागलं होतं, तिचीच कल्पना उचलून. नंतर तिच्या लक्षात आलं की ती आता कल्पनेला आपली म्हणायला लागली होती, आणि यावर ती एकटीच हसली. बाकीचे कौतुक करत होते. चहाघराच्या मालकीणबाईंनी तिला बाहेर येऊन मनुका घातलेल्या प्लमब्रेडचा तुकडा दिला, वर लोणी. रुपर्ट गार्नम नावाचा लेखक, जो उत्सवाचा मुख्य पाहुणा होता आणि फुकटच्या खोलीसाठी आठवडाभर आधीच येऊन राहिला होता, तिथेच बसून कॉफी पीत होता. त्याच्या पुस्तकांत बायका पहिल्याच पानावर मरायच्या, आणि पुढे गुप्तहेराच्या दारूच्या व्यसनाबद्दल फार हळुवार लिहिलेलं असायचं.

“तुम्ही केलंत हे?” तो म्हणाला. “जबरदस्त. माणसाला एकदम इथे लागतं.” त्याने छातीवर हात ठेवला, खिशातल्या चष्म्याच्या जरा वर.

तिने मान डोलावली. दुसरं काय करणार होती?

तो गेल्यावर तिने घराची किल्ली काढून पट्टी खरवडायला घेतली. किल्ली दगडावर घासली गेली, दगडाची पूड निघाली, पट्टी तशीच. तिथेही टोक नव्हतं. गुडघ्यांवर बसून रस्ता खरवडणारी बाई, शेजारी गाडीत बाळ. नर्सबाई या रस्त्याने येतात का, हा विचार मनात आला तशी ती झटकन उठली.

संध्याकाळी कॅलमचा फोन आला तेव्हा तिने हसत हसत सांगून बघितलं. तोही हसला. तूच चिकटवलं असशील आणि विसरली असशील, म्हणाला. मागच्या महिन्यात दूध कपाटात आणि चहाची डबी फ्रीजमध्ये कुणी ठेवली होती? तिला ते पटलं. खरं तर ते पटावं अशी तिची फार इच्छा होती. आपण वेडगळ आहोत हे ऐकून माणसाला इतकं हायसं वाटू शकतं, हे तिला आजवर माहीत नव्हतं.

“काय गं, रडतेस का?” कॅलमने विचारलं.

“छे. कांदा,” ती म्हणाली. घरात कांदा नव्हता.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वरच्या खोलीत हेटीचा लंगोट बदलत होती. बाहेर ऊन होतं, शेजारी ऑटिस बदकाला बदक म्हणत होता. खाली स्वयंपाकघरातून थप, थप, थप असा आवाज आला.

तो आवाज तिला झोपेतही ओळखता आला असता. ओलसर तळव्यांनी लिनोलियमच्या जमिनीवर रांगण्याचा. आधी दोन हात, मग एक गुडघा घासत, कारण हेटी एक पाय ओढत रांगायची आणि त्याचीही टॅम्सिनला काळजी होती. थप, थप, सर्रर्र. हेटी तिच्या हाताखाली उताणी पडलेली होती, पावडरची डबी तोंडात धरून. तीही ऐकत होती.

पाइपाचा आवाज, टॅम्सिनने ठरवलं. शेजारचं मांजर. उन्हाने लाकूड तडकतं, जुन्या घरांत असं होतंच. शिकलेल्या बाईजवळ कारणांची काय कमी? एकेक कारण मनाशी म्हणत ती हेटीला कडेवर घेऊन जिना उतरली. तेवढ्यात आवाज थांबला.

कॅलम जिथे आडवा झाला होता, तिथेच तो छोटा आकार होता. पांढरा, स्वच्छ. घराची दारं बंद, किल्ली आतून.

या वेळी तिने नीट बघितलं, कारण बघितल्यावाचून आता गत्यंतर नव्हतं. डोक्यावर मधोमध पट्टीला एक छोटं टोकदार वळण होतं. हेटीच्या डोक्यावर तिथे केसांचा एक तुरा उभा राहायचा, पाण्याने बसवला तरी परत उठायचा. उजवं पाऊल गोल होतं, मोजा घातल्यासारखं. डाव्या पावलाला बोटं होती. पट्टी एकेका बोटाभोवती वळलेली होती, करंगळीसुद्धा सोडलेली नव्हती.

हेटी डावा मोजा टिकू देत नसे. बाहेर निघालं की चढणीच्या पहिल्या वळणावर तो रस्त्यात. गावातली माणसं तो उचलून कुंपणाच्या खांबाला अडकवून ठेवायची.

कडेवरची हेटी आकाराकडे वाकली, अगदी खाली, पाण्यात स्वतःला बघावं तशी. टॅम्सिनने तिला इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरली. एक गोष्ट टॅम्सिनला तेव्हा स्पष्ट कळली आणि तिच्यासाठी कुठलंही कारण लागलं नाही. लेकीला खाली ठेवायचं नाही. जमिनीवर तर नाहीच.

त्या दिवशी ती उभ्यानेच जेवली. दुपारी फिलिपाच्या घरी जाऊन तिने सांगितलं की तो छोटा आकार काढून टाकू या, चांगला दिसत नाही, मुलांच्या आयांना कसंतरी वाटेल. फिलिपाने ऐकून घेतलं. मग मान जरा कलती केली. नर्सबाईंनी केली होती तितकीच. सगळ्या बायकांना हे कुठल्या तरी वर्गात एकत्र शिकवत असावेत.

“तू दमलीयस राणी,” फिलिपा म्हणाली. “स्वतःच्याच चांगल्या कामाला माणूस असं घाबरतं कधीकधी. झोप होते का नीट?”

“हो, छान होते,” टॅम्सिन म्हणाली.

“मग झालं तर. आणि आता काढून कसं चालेल? रुपर्ट उद्घाटनाच्या भाषणात त्यावरच बोलणार आहे. तुझं नाव घेऊन.”

ते माझं नाही, हे वाक्य टॅम्सिनच्या तोंडाशी आलं होतं. मग सोमवारी हो का म्हणालीस, असं फिलिपाने विचारलं नसतं. तिने नुसती मान आणखी थोडी कलती केली असती, आणि टॅम्सिन गेल्यावर फोन उचलला असता.

५

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी हॉलमध्ये तालीम होती. तालीम म्हणजे रुपर्ट गार्नम ध्वनिक्षेपकासमोर उभा राहून स्वतःचा आवाज ऐकत होता आणि फिलिपा पहिल्या रांगेत बसून तो ऐकल्याचं दाखवत होती. टॅम्सिनकडे खुर्च्यांवर ‘राखीव’चे कागद चिकटवायचं काम होतं.

हेटी गाडीत झोपली होती. टॅम्सिनने गाडी मुद्दाम दूर, दाराजवळच्या खांबाशी, व्यासपीठासमोरच्या त्या आकाराकडे पाठ करून लावली होती. पट्टे आवळले, ओढून बघितले, पुन्हा ओढून बघितले. पांघरूण घातलं. गाडीचं छत पुढे ओढलं. मग परत जाऊन पट्टे एकदा ओढून बघितले. अशा बाईला लोक काय म्हणतात ते तिला माहीत होतं आणि या घडीला तिला त्याची पर्वा नव्हती.

“प्रेत सापडलं,” रुपर्टचा आवाज छतापर्यंत घुमला, “की वाचक निर्धास्त होतो. भीती असते ती रिकाम्या जागेची. ही छोटीशी पांढरी रेघ बघा. ती वाट बघते आहे.”

एवढं बोलायला या गृहस्थाला विमानाचं तिकीट दिलं होतं. टॅम्सिनने पुढच्या खुर्चीसाठी पट्टी तोडली. टरर्र. कागद चिकटवला. परत पट्टी ओढली. टरर्र. तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा रीळ तिच्या हातात स्वस्थ होतं.

मग थप. दगडावर. थप, सर्रर्र.

ती वळली नाही. गाडी आपल्याला दिसते आहे, तिने स्वतःला सांगितलं. गाडी जागेवर आहे, छत खाली आहे, पांघरुणाचा कोपरा दिसतो आहे. जोवर मी गाडीकडे बघते आहे तोवर काहीही होऊ शकत नाही. पाठीमागे रुपर्ट मध्येच बोलायचा थांबला.

“अगं बाई,” फिलिपा हसत म्हणाली, “कसं मापात बसलंय बघा!”

टॅम्सिन वळली.

आकार भरला होता. हेटी त्यात उताणी पडली होती, एक हात डोक्याशी, एक गुडघा मुडपलेला, उजव्या पायात मोजा, डावा उघडा. केसांचा तुरा त्या टोकदार वळणात बरोबर बसलेला. डोळे सताड उघडे, छताकडे. रुपर्टने फोन काढून फोटो घ्यायला सुरुवात केली होती.

मधल्या खुर्च्या कशा बाजूला झाल्या ते टॅम्सिनला आठवत नव्हतं. तिने लेकीला उचललं, छातीशी दाबलं. पाठ गार होती. दगडावर पडलं की पाठ गार लागणारच. नेहमीपेक्षा जड होती. झोपेतून उठलेलं मूल जड लागतंच. पट्टा लागला नसेल. तीन वेळा ओढून बघितला तरी लागला नसेल. मी असलीच आई आहे, आणि आता हे या दोघांनी पाहिलं आहे. शरमेने तिचे कान तापले. शरमेच्या पाठोपाठ आनंद उसळला. मिळाली. आहे. माझ्याजवळ आहे.

“गारठलीय बिचारी,” फिलिपा म्हणाली आणि पांघरूण आणायला दाराकडे निघाली. “थांब, मी देते काढून.”

टॅम्सिनने लेकीची मान सावरायला हनुवटीखाली बोट घातलं. तिथे काहीतरी लागलं. एक बारीक कड, गुळगुळीत, कानाच्या पाळीपर्यंत गेलेली आणि तिथून पुढे केसांत. चिकटला असेल पट्टीचा तुकडा. तिने नखाने चाचपलं, एका दिशेने, मग उलट्या.

टोक सापडेना.

खांबाशी फिलिपाने गाडीचं छत मागे सारलं, आणि पांघरुणाला हात न लावता ती तशीच वाकून उभी राहिली. गाडीतून आधी एक कोरडा खोकला आला. मग रडं, चिडकं, झोपमोड झाल्याचं, मधेच श्वास घेऊन दुप्पट जोराने सुरू होणारं. गेलं वर्षभर टॅम्सिन त्या रड्याने उठत होती. कडेवरचं लेकरू गप्प होतं, आणि तिकडचं रडं ऐकून टॅम्सिनला पान्हा फुटला. दोन्ही बाजूंनी ब्लाउज भिजला. तिला कुणी विचारलं नव्हतं, तिच्या शरीराने परस्पर उत्तर देऊन टाकलं होतं.

फिलिपा वळली. चेहऱ्यावर ते हसू अजून होतं, फक्त त्याचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. तिने कडेवरच्या बाळाकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. उभ्या आयुष्यात तिच्यावर अशी वेळ आली नसावी की ज्यावर एखादा सौजन्याचा प्रश्न पुरणार नाही. म्हणून तिने तोच विचारला.

“टॅम्सिन, राणी,” ती गाडीकडे बोट करून म्हणाली, “मग हे कोणाचं?”

टॅम्सिनने तोंड उघडलं. सोमवारी किती सहज बोलून गेलेला शब्द. आता तो सापडेना. खांद्यावरचं डोकं हललं. गार ओठ तिच्या कानाशी आले. ज्या पहिल्या शब्दाची ती इतके महिने वाट बघत होती, त्याच्या आधी एक बारीकशी अडखळ आली. लाजरी, शहाणी, हुबेहूब तिचीच.

“अं... माझंच.”